घराची उंची

बाई, मी तुमच्यावर रागावले आहे, आणि ते ऐकून घ्यायला तुम्ही नाही, याचा आणखी राग आहे. म्हणून लिहिते. धावपट्टीच्या कडेच्या आपल्या शेडमध्ये त्याच डुगडुगत्या टेबलाशी बसले आहे. समोर वायरलेसचा सेट, उजव्या हाताशी त्याचा माइक, आणि बाहेर मार्चमधलं पांढरं ऊन. माझी मुलगी वर आहे, एकटी. इथून घाटंजीपर्यंत जायचं आणि परत यायचं, तेही इंजिन नसलेल्या ग्लायडरमधून, तापलेल्या जमिनीवरून वर चढणाऱ्या हवेच्या भरवशावर. मागच्या रविवारी ती याच वाटेनं गेली होती आणि घरी आली ती ट्रेलरवर ग्लायडर लादून. कशी, ते सांगते. आज निघताना तिनं मला बजावलंय, "आई, मी विचारल्याशिवाय तू वायरलेसवर बोलू नको. एक शब्द नाई." मी हो म्हटलं. दिलेला शब्द पाळायचा तर हाताला दुसरं काम हवं, म्हणून विंचच्या जुन्या बिलांच्या पाठीवर हे लिहीत बसले आहे. विंचवर, म्हणजे दोरानं ओढून ग्लायडर वर सोडणाऱ्या त्या यंत्रावर, आपले भाऊच आहेत, तुमच्या वेळचेच. केस पांढरे झाले, पण दोर ओढताना कुणाला हात लावू देत नाहीत.

तुम्ही शाळेत आम्हाला गणित शिकवायच्या. वर्गात तुमचं मराठी इस्त्री केलेलं असायचं, आणि रविवारी मैदानावर पाय ठेवला की त्याच बाई, "काहून वं, चालता चालता झोपली होती का?" म्हणून अंगावर यायच्या. तुम्ही नक्की कोणत्या, हे ठरवण्यात माझी दोन वर्षं गेली. व्हेरिओ म्हणजे काय ते मला ना वर्गात कळलं ना मैदानावर. ते कळलं तुमच्या स्वयंपाकघरात. गॅसवर वरण ठेवलेलं, आणि तुम्ही चहाच्या थर्मासला रबरी बूच लावून त्यातून सलाइनची नळी काढत होतात. नळीत कुंकवाच्या पाण्याचा एक थेंब सोडलात. म्हणालात, "हे घे अन् जिना चढ. नळी आडवी धर." मी गच्चीकडे पायऱ्या चढते आहे आणि तो लाल थेंब नळीतून हळूहळू बाहेरच्या बाजूला सरकतो आहे. उतरले की आत येतो आहे. मी वेड्यासारखी वर-खाली करते आहे. तुम्ही खालून ओरडून सांगता आहात की वर गेलं की बाहेरची हवा पातळ होते, बाटलीतली बाहेर पडायला बघते, थेंबाच्या जागी सुई बसवली की झाला व्हेरिओ; आपण चढतोय की उतरतोय, आणि किती जोरात, एवढंच तो सांगतो. वरण करपलं. आपण दोघींनी ते तसंच खाल्लं आणि तुम्ही वरून लिंबू पिळलंत.

मग दोघांनी बसायच्या ग्लायडरमध्ये मी पुढे, तुम्ही मागे. सुई वर गेली, मला वाटलं चढती हवा लागली, आणि मी खुश झाले. मागून तुमचा आवाज: "कायले हसून राह्यली? हवेनं नाई चढवलं तुले. तूच दांडी ओढली. वेग गेला अन् उंची आली, आता थो वेग कुठून आणतं?" आणि मागून हात पुढे घालून तुम्ही पोळ्यांचं फडकं माझ्या सगळ्या तबकड्यांवर टाकलंत. उरलेलं उड्डाण मी फडक्याकडे बघत केलं. म्हणजे करणार होते, पण तुम्ही परत ओरडलात, "बाहेर पाय! धावपट्टी काचेत वर सरकते का खाली, थे पाय. वर सरकली त पोचत नाई, खाली सरकली त पोचतं. याले सुई कायले लागते?" त्या दिवशी मी उतरून तुमच्याशी बोलले नाही. तुमच्या ते लक्षातही आलं नसेल.

आणि तुमचं ते शून्य. राग त्याचाच आहे. उंचीमापकाची सुई उड्डाणाआधी आपल्या धावपट्टीवर शून्यावर आणून ठेवायची, हा तुमचा नियम. समुद्र कुठे, आपण कुठे! आपली जमीन समुद्रापासून चौदा-पंधराशे फूट वर आहे, ते पुस्तकवाल्यांना असू दे. आपण मोजायचं ते आपल्या घरापासून. "वर गेल्यावर डोकं अर्धंच चालते. वजाबाकी खाली ठेवून जा," असं तुम्ही म्हणायच्या. गणिताच्या बाई असून. शेडच्या भिंतीवर तुम्ही पत्र्याचा बोर्ड रंगवून घेतला होता: आजूबाजूची उतरण्याजोगी ठिकाणं, आणि ती आपल्या घरापासून किती वर किंवा किती खाली. घाटंजीपुढे वजा अमुक, आणि सगळ्यांत वर 'घर', त्यापुढे मोठं गोल शून्य. तो बोर्ड अजून आहे. मी दर दिवाळीला त्यावरचा रंग उजळून घेते, भक्तिभावानं म्हटलं तरी चालेल.

आत्ताच तिचा आवाज आला. "घाटंजी दिसून राह्यलं." बस, एवढंच. भाऊंनी दारातून माझ्याकडे पाहिलं. मी मान हलवली आणि लिहायला लागले.

तर गेल्या हिवाळ्यात आपल्याकडे एकट्यानं बसायचं जुनं ग्लायडर आलं. त्याचा तबकड्या बसवायचा समोरचा फळा रिकामाच होता. चार भोकं आणि त्यांवर चिकटवलेला पुठ्ठा. त्यात काय बसवायचं यावरून आमच्या घरात जे काही झालं ते सांगायला नको. माझं म्हणणं सरळ होतं. तुम्ही उडणं थांबवलंत तेव्हा मला दिलेला तुमचा व्हेरिओ, तो काळ्या तबकडीचा, जाड काचेचा, तोच लावायचा. त्याला बॅटरी लागत नाही, तो रुसत नाही, हवेशिवाय त्याला काही माहीत नाही. मुलगी म्हणाली, तो दोन क्षण उशिरा बोलतो. हवेच्या बाहेर पडल्यावर सांगतो की आत होतीस. हे खरं आहे, बाई, तुम्हालाही माहीत होतं. तिला हवा होता इलेक्ट्रॉनिक व्हेरिओ, जो आवाज करतो. चढत असलं की टीप टीप टीप, उतरत असलं की लांब रडका सूर. मी म्हटलं, कानाशी हे पाखरू घेऊन कोण उडणार? तर ती म्हणाली, "तुह्या बाई काय म्हणत होत्या? बाहेर पाय. मंग सुई पाहू का बाहेर पाहू? कानानं ऐकलं त डोळे मोकळे राह्यतात ना!" तुमचाच मुद्दा, तुमच्याच शिष्येवर उलटवला.

आवाजाचा व्हेरिओ मी मान्य केला, तुमचाही सोबत राहील या अटीवर. खरी लढाई झाली ती मधल्या भोकावरून, फ्लाइट कॉम्प्युटरवरून. हाताच्या तळव्याएवढा पडदा, आत नकाशा. वारा कुठून, ग्लायडर कसं घसरतं, समोरचं ठिकाण किती लांब, सगळं तो स्वतःच जुळवतो आणि शेवटी एकच आकडा दाखवतो: इथून सरळ निघालीस तर घरावर पोचताना इतकी उंची हातात उरेल. उरत असेल तर हिरवा, नसेल तर लाल. मला तो पहिल्या दिवसापासून आवडला नाही. का, ते मला नीट सांगता येईना, आणि नीट सांगता आलं नाही की आमच्या घरात माणूस हरतो. तो पडदा मधल्या मोठ्या भोकात बसला, तुमचा व्हेरिओ खाली डावीकडे गेला, आणि उंचीमापक पार कोपऱ्यात, गुडघ्याजवळ.

त्या यंत्राला ठिकाणं सांगावी लागतात: नाव, जागा, जमिनीची उंची. मुलीनं ती आपल्या बोर्डावरून उतरवून घेतली, एकही चूक न करता. मी शेजारी बसून एकेक ओळ ताडून पाहिली. घर, शून्य. बरोबर. मला त्यात काही खटकणार तरी कसं? घर शून्यावर असतं हे मी शाळेत असल्यापासून ऐकत आले आहे. फक्त ते यंत्र समुद्रापासून मोजतं. ग्लायडर किती उंच आहे ते त्याला अचूक कळत होतं, आणि घर मात्र समुद्राच्या काठावर आहे असं आपण त्याला सांगून ठेवलं होतं. आपल्या पायाखालची चौदा-पंधराशे फूट जमीन त्याच्या लेखी नव्हतीच. दुसरीकडे कुठे ही चूक झाली नसती, बाई. जिथे तुमचा बोर्ड नाही तिथे झाली नसती.

मागचा रविवार. ती घाटंजीहून परत फिरली आणि मी इथेच, माइक हातात. "आई, हिरवं आहे. चौदाशे हातात राह्यतात. सरळ येऊन राह्यली मी." मी विचारलं, "आता उंची किती?" "तेवीसशे." आणि माझा जीव भांड्यात पडला. तेवीसशे म्हणजे आमच्या भाषेत घरावर तेवीसशे. इतक्या उंचीवर माणूस दोन घिरट्या घालून चहा प्यायला उतरतो. तिनं तो आकडा पडद्यावरून वाचला होता, आणि पडदा समुद्राची भाषा बोलत होता. दोघींनी एकच आकडा ऐकला आणि दोघीही निवांत. मी शेडबाहेर येऊन टेकड्यांच्या वर, जिथे ती असायला हवी तिथे बघायला लागले. आकाश रिकामं. डोळ्यांवर हात धरला, तरी रिकामं. तेवढ्यात भाऊ म्हणाले, "ताई, तितं कायले पाह्यता? थे पाहा, खाली. टेकडीले लागून." पांढरी बारीक रेघ, टेकडीच्या माथ्याच्या जेमतेम वर. काय चुकलंय ते तेव्हा कळलंच नव्हतं, एवढंच कळलं की ती तिथे असता कामा नये.

मी माइक दाबला आणि माझ्या तोंडून तुम्ही बोललात. "पडदा सोड. बाहेर पाय. धावपट्टी काचेत वर सरकते का खाली?" तिनं तिकडून बटण दाबलं. मागे त्या आवाजाच्या व्हेरिओचा लांब रडका सूर ऐकू येत होता, थांबतच नव्हता. मग ती म्हणाली, "वर." आणि जरा थांबून, "आई, पण पडद्यावर अजून हिरवंच आहे." त्या 'पण'चं मी काय करू? ते अजून माझ्या कानात आहे. मी म्हटलं, "पडद्याले गोळी मार. शेत पाय. कपाशीची पऱ्हाटी उभी आहे त्यात जाऊ नको, हरभरा काढलेलं पाय. बांध-धुरा पाय, तारा पाय." पुढचं मला दिसलं नाही. ती रेघ टेकडीआड गेली आणि सेट गप्प झाला. भाऊ जीप काढत होते, मी माइक हातात घेऊन उभी होते, आणि जीपमध्ये बसायचं तर माइक ठेवावा लागतो हे मला सुचत नव्हतं. मग खरखर झाली. "उतरली. बरी आहे. ग्लायडरही बरं आहे."

आम्ही पोचलो तेव्हा हरभऱ्याच्या मोकळ्या रानात अर्धं गाव जमलं होतं. एक आजोबा तिला विचारत होते, "पोरी, पेट्रोल संपलं का?" ती सांगत होती, याच्यात इंजिनच नसते. आजोबा मग ग्लायडरभोवती एक चक्कर मारून आले आणि म्हणाले, "मंग तू बसलीच कायले यात?" सगळे हसले, तीही हसली. मी हसले नाही. तिला जवळ घ्यायचं सोडून मी तिच्यावर ओरडले, सगळ्या गावासमोर: वेणी बांधली नाही नीट, पाण्याची बाटली कुठे टाकलीस, असलं काहीबाही. परतीच्या वाटेवर जीपमध्ये तिनंच हिशेब लावला आणि ते शून्य सापडलं.

घरी आल्यावर मी म्हटलं, तो पडदा उद्या काढायचा. ती शांतपणे म्हणाली, "चूक त्याची नाई. आपण त्याले सांगतलं घर शून्यावर आहे. त्यानं आपलं ऐकलं." मग मी तुमच्यावर घसरले, बाई. तुमचा बोर्ड, तुमचा नियम, तुमची ती वजाबाकी. माझी पोर तुमच्या शून्यात मेली असती, असं मी बोलले. मुलीनं तुम्हाला कधी पाहिलेलं नाही. ती म्हणाली, "अन् शेत पाय म्हणून कोणी सांगतलं?" या मुलीसमोर मला हल्ली फार कमी उत्तरं सुचतात. पण राग गेला नाही, आणि तुमच्यामुळे ती वाचली हे खरं असलं तरी जाणार नाही. दोन्ही खरं आहे, आणि दोन्ही एकाच वेळी बाळगायला मला जड जातंय.

या आठवड्यात आम्ही फळा पुन्हा लावला. पडदा कोपऱ्यात गेला, उंचीमापक मध्ये आला, तुमचा व्हेरिओ आहे तिथेच राहिला. ठिकाणांच्या उंच्या समुद्रापासून नव्यानं भरल्या. आणि उंचीमापकही आता जमिनीवर शून्य दाखवत नाही. आपली धावपट्टी जितकी उंच आहे तितकी दाखवतो. सगळ्यांनी एकच भाषा बोलायची, असं ठरवलं. ठरवलं मीच. तुमचा नियम मी मोडला, हे तुम्हाला कुणीतरी सांगायला हवं होतं. वजाबाकीचं विचारलं तर मुलगी म्हणाली, "मी करीन. मले येते." भाऊ बोर्डासमोर उभे राहून म्हणाले, "ताई, हे पुसू का?" मी म्हटलं, राहू दे सध्या.

ती परत फिरली. "घाटंजीहून निघाली." त्याला बराच वेळ झाला. आता मी बाहेर आले आहे. माइकची वायर दारापर्यंत पुरते. बिलं गुडघ्यावर घेऊन लिहिते आहे, अक्षर समजून घ्या. ती दिसते. गेल्या वेळेपेक्षा वर आहे, पण फार वर नाही. कापसाच्या जिनिंगच्या तापलेल्या पत्र्यांवर येऊन तिनं घिरटी घेतली, अर्धी, मग सोडून दिली. तिथे चढती हवा असते, दुपारी नेहमी असते; मग सोडली का? की लागलीच नाही? आता नाक इकडे आहे. सरळ येते आहे, आणि मला इथून कळत नाही, पोचेल की नाही. डाव्या हाताला हरभऱ्याची रानं आहेत. आत्ता वळली तर सहज उतरेल. अजून थोडं पुढे आली तर मध्ये फक्त पऱ्हाटी आणि विजेच्या तारा आहेत. बोलायचं तर आत्ता. मी पेन खाली ठेवते.

उतरली, बाई. धावपट्टीवर, विंचच्या जरा अलीकडे, एखाद्या पाहुण्यासारखी सावकाश. पोचताना हातात फार काही नव्हतं, पण जेवढं लागतं तेवढं होतं. मी धावत गेले नाही, चालत गेले. तिनं काच उघडली, टोपी काढली. चेहरा उन्हानं लाल झालेला. म्हणाली, "पत्र्यांवर हवा तुटक होती. थांबली असती त खाली आली असती. काचेत धावपट्टी खाली सरकत होती, मंग निघाली." मी म्हटलं, बरं केलं. पडदा काय म्हणत होता ते मी विचारलं नाही. मग पट्टे सोडता सोडता ती म्हणाली, "मधात कोणतरी बटन दाबलं होतं. खरखर झाली, अन् बोललं कोणीच नाई. मले वाटलं आता आई बोलते. कोण होतं?" मी म्हटलं, "भाऊ असतील." भाऊ विंचचा दोर गुंडाळत होते. त्यांनी माझ्याकडे एकदा पाहिलं आणि म्हणाले, "हो, माह्यंच बोट लागलं चुकून."

हे कुठल्या पेटीत टाकू? या बिलांची घडी करून टेबलाच्या खणात ठेवते, आणि मुलीला सापडण्याआधी जाळून टाकीन म्हणते. तिला वाटतं मी शब्द पाळला. बटण मी दाबलं होतं, बाई. चांगलं घट्ट, बोट पांढरं होईपर्यंत. ये म्हणू की उतर म्हणू, ते मला माहीत नव्हतं.